कुंडीत, नळीवर आणि बियाण्यावर चुंबक: रोपाला नेमकं काय होतं आणि ते घरी कसं तपासायचं

प्रश्न तीन आहेत. कुंडीच्या मातीत चुंबक पुरला तर झाड जोमानं वाढतं का? ठिबकच्या मुख्य नळीवर चुंबकांची जोडी बसवली तर पीक सुधारतं का? आणि हे सगळं घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत तपासायचं तर कसं?

आधी उत्तर, मग कारणं. कुंडीतल्या चुंबकावर भरवसा ठेवू नका. नळीवरच्या चुंबकात पैसे घालू नका. पण पेरणीआधी कोरडं बियाणं ठरावीक ताकदीच्या चुंबकीय क्षेत्रात तास-दोन तास ठेवलं तर उगवण लवकर आणि एकसारखी होते, असे निष्कर्ष चांगल्या संस्थांमधून आले आहेत आणि ते मनापासून तपासण्यासारखे आहेत. या तिन्ही गोष्टी ‘चुंबकीय शेती’ या एकाच नावाखाली सांगितल्या जातात, आणि एकीचा पुरावा दुसरीला चिकटवला जातो. सगळा घोळ तिथेच होतो.

मापांपासून सुरुवात करू, कारण मापाशिवाय या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. चुंबकीय क्षेत्राची ताकद टेस्ला या एककात मोजतात. 1 टेस्ला म्हणजे 1000 मिलिटेस्ला. 1 मिलिटेस्ला म्हणजे 1000 मायक्रोटेस्ला, किंवा जुन्या मापात 10 गॉस. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं. अलिबागला ते 43 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. बियाण्यावरचे बहुतेक प्रयोग 50 ते 250 मिलिटेस्लामध्ये झाले आहेत, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट. त्यामुळे ‘चुंबकाचा परिणाम होतो’ एवढं वाक्य काहीच सांगत नाही. किती मिलिटेस्ला, किती वेळ, बी कोरडं होतं की भिजलेलं, अंधारात की उजेडात, हे कळल्यावरच त्या वाक्याला अर्थ येतो.

बियाण्याबद्दल आपल्याकडे झालेलं काम उल्लेखनीय आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत अनंता वशिष्ठ आणि शांता नागराजन यांनी हरभऱ्याचं बियाणं 50-50 च्या टप्प्यांनी 250 मिलिटेस्लापर्यंतच्या स्थिर क्षेत्रात 1 ते 4 तास ठेवून पाहिलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 50 मिलिटेस्ला 2 तास, 100 मिलिटेस्ला 1 तास आणि 150 मिलिटेस्ला 2 तास या मात्रा सरस ठरल्या. सूर्यफुलात त्यांना 50 आणि 200 मिलिटेस्ला, 2 तास, या मात्रा चांगल्या दिसल्या. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातल्या गटाने सोयाबीनवर काम केलं. तिथे 150 आणि 200 मिलिटेस्ला, 1 तास, यांनी उगवण आणि रोपाची वाढ सुधारली. आकडे नीट पाहा. ताकद वाढवत नेली की परिणामही वाढत जातो, असा सरळ चढ इथे नाही. ठरावीक मात्रांच्या खिडक्या आहेत, आणि प्रत्येक पिकाची खिडकी वेगळी. म्हणून हरभऱ्याची मात्रा मुगाला आंधळेपणाने लावू नये.

आणखी एक हिशेब मनात असू द्या. पाच ताकदी आणि चार वेळा म्हणजे 20 जोड्या. चुंबकाचा काडीचाही परिणाम नसेल तरी, शंभरात पाच चुका चालतील असा निकष लावला, तर 20 पैकी सरासरी एक जोडी योगायोगानेच ‘चांगली’ ठरते. त्यामुळे पहिल्या फेरीत जिंकलेली मात्रा दुसऱ्या, ताज्या बियाण्यावर पुन्हा लावून पाहणं हे अर्धं काम असतं. फरक दिसलेले प्रयोग छापले जातात आणि फरक न दिसलेले बहुधा वहीतच राहतात, हेही इथे जमेस धरायला हवं.

परिणाम होत असेल तर तो कुठून? एक दुवा चांगला अभ्यासलेला आहे: क्रिप्टोक्रोम हे निळा प्रकाश ओळखणारं प्रथिन. निळा प्रकाश पडला की त्यात एकेकट्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या तयार होतात, आणि त्या जोडीचं पुढे काय होणार हे तत्त्वतः अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही थोडं बदलू शकतं. मार्गारेट अहमद आणि सहकाऱ्यांनी 2007 साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीवर 500 मायक्रोटेस्लाचा असा परिणाम दाखवला. 2009 साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग तापमान आणि प्रकाशावर काटेकोर ताबा ठेवून केला, क्षेत्र 100 मिलिटेस्लापर्यंत नेलं, आणि त्यांना काहीच फरक मिळाला नाही. उलट दिशेनेही काम झालं आहे: चीनमधल्या एका गटाने पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणलं, तेव्हा त्याच वनस्पतीला फुलं उशिरा आली, असा त्यांचा 2012 चा अहवाल आहे. पण कोरड्या, अंधारात ठेवलेल्या बियाण्याला हे प्रकाशाचं स्पष्टीकरण लागू पडत नाही. तिथे मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. बी भिजवल्यावर पाण्यात झिरपणारे क्षार कमी झाले, म्हणजे पेशींची आवरणं जास्त शाबूत राहिली, आणि पिष्ट फोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम वाढलं. हे बदल दिसले आहेत. ते घडवणारी पहिली पायरी अजून पक्की ठरलेली नाही.

एक परिणाम मात्र भौतिकशास्त्राच्या अंगाने अगदी स्वच्छ आहे, आणि मला वाटतं तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते तळाशी बसतात, आणि त्यावरून मुळाला ‘खाली’ कुठे ते कळतं. पिष्टाला चुंबक अगदी हलकंसं ढकलतो. कुझ्नेत्सोव्ह आणि हासेनस्टाइन यांनी 1996 साली दाखवलं की क्षेत्र जिथे फार झपाट्यानं बदलतं, अशा धारदार चुंबकीय टोकाजवळ मूळ ठेवलं तर हे कण सरकतात आणि मूळ वळतं. इथे नुसत्या ताकदीपेक्षा मिलिमीटरभरात ती किती उतरते याला महत्त्व आहे. कुंडीत पुरलेल्या चकतीभोवती तशी परिस्थिती तयार होत नाही.

आता प्रयोग. मूग घ्या. दाणा लहान असल्याने चुंबकाच्या छोट्याशा एकसारख्या जागेत पुरेसे दाणे मावतात, आणि दोन दिवसांत मोड मोजता येतात.

चुंबक: निओडिमियमच्या दोन चकत्या, व्यास 50 मिलिमीटर, जाडी 10 मिलिमीटर, दर्जा एन-35. एका चकतीचं क्षेत्र तिच्या तोंडाशी, मध्यभागी, साधारण 220 मिलिटेस्ला असतं. 1 सेंटिमीटरवर ते 150, 2 वर 86, 3 वर 48, 5 वर 17 आणि 10 सेंटिमीटरवर फक्त 3 मिलिटेस्ला उरतं. कुंडीच्या तळाशी चकती आणि वर 10 सेंटिमीटरवर बी, म्हणजे तुमची सगळी ताकद वाटेतच संपली. एकाच चकतीवर दाण्यांचा ढीग ठेवला तरी खालच्या दाण्याला 200 आणि वरच्याला 80 मिळतात, आणि मग मात्रा कुठली म्हणायची?

म्हणून दोन चकत्या समोरासमोर ठेवा, एकमेकींना ओढतील अशा बाजूंनी, मध्ये 60 मिलिमीटर अंतर. मधोमध 96 मिलिटेस्ला मिळतात. तिथे 20 मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची डबी 10 मिलिमीटरपर्यंत भरली तर त्यातल्या दाण्यांना साधारण 87 ते 100 मिलिटेस्ला मिळतात. घरगुती मांडणीला हे ठीक आहे. अशा डबीत 50 मूग सहज मावतात. अंतर 40 मिलिमीटर केलं तर मध्यभागी सुमारे 170 मिळतात. चौकट लाकडाची किंवा अ‍ॅक्रिलिकची करा आणि स्क्रू पितळेचे वापरा. लोखंडी स्क्रू क्षेत्र स्वतःकडे खेचून घेतो. एक चकती पक्की बसवल्याशिवाय दुसरी खोलीत आणू नका. या आकाराच्या दोन चकत्या हातात असताना एकमेकींवर झेपावल्या तर बोट चिरडतं आणि चकतीचे टवके उडतात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने आणि लहान मुलांनी जवळ येऊ नये.

मोबाइलमधल्या होकायंत्राने हे मोजायला जाऊ नका. तो सेन्सर पृथ्वीच्या क्षेत्रासाठी असतो आणि काही मिलिटेस्लालाच त्याचा कस संपतो. क्षेत्र मोजणारा गॉसमीटर नसेल तर एसएस49ई हा तीन पायांचा हॉल सेन्सर, म्हणजे क्षेत्रानुसार व्होल्टेज बदलणारा छोटा भाग, स्वस्तात मिळतो. 5 व्होल्टवर चालवला की क्षेत्र शून्य असताना तो 2.5 व्होल्ट दाखवतो आणि दर गॉसला सुमारे 1.4 मिलिव्होल्टने सरकतो. 96 मिलिटेस्ला म्हणजे 960 गॉस, म्हणजे साधारण 1.3 व्होल्टचा बदल. त्याची मर्यादा सुमारे 1000 गॉस आहे, तेव्हा चकतीच्या तोंडाशी त्याचं वाचन खरं मानू नका.

तुलनेसाठी तशीच दुसरी चौकट करा, त्यात चुंबकाऐवजी त्याच मापाच्या साध्या लोखंडी चकत्या बसवा, आणि ती खऱ्या चौकटीपासून 2 मीटर लांब ठेवा. तेवढ्या अंतरावर चुंबकाचं क्षेत्र 1 मायक्रोटेस्लाच्या खाली येतं. हे खोटं चुंबक वगळलं की प्रयोग फसतो. डबीत भरणं, हाताळणं, तासभर ठेवणं, हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं झालं पाहिजे.

बियाणं एकाच पिशवीतलं घ्या, फुटके दाणे काढा, आणि दोन दिवस एकाच बरणीत ठेवा म्हणजे ओलावा सारखा होतो. प्रत्येक बाजूला 50 दाण्यांच्या 8 डब्या, म्हणजे 400 दाणे. बीज चाचणीत 400 दाणे घेण्याची रीत आहे, आणि तिला कारण आहे. उगवण 90 टक्क्यांच्या आसपास असेल आणि दोन्ही बाजूंना 20-20 दाणे असतील, तर 19 टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ चार दाण्यांचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. 50 दाण्यांना हीच मर्यादा 12 टक्के, 400 दाण्यांना 4 टक्के. शाळेच्या प्रदर्शनात दहा-दहा दाण्यांच्या दोन वाट्या ठेवून काढलेला निष्कर्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही, मग तो चुंबकाच्या बाजूचा असो की विरुद्ध.

प्रत्येक डबी 1 तास ठेवायची. एकच चुंबकी चौकट असल्याने 8 तास जातात, पण बी कोरडं असल्याने ते थांबू शकतं. भिजवायचे मात्र सगळे एकाच वेळी. डब्यांवर दुसऱ्या माणसाकडून आकडे टाकून घ्या आणि कोणता आकडा कुठल्या बाजूचा, ती चिठ्ठी मोजणी संपेपर्यंत उघडू नका. मोड किती आला म्हणजे ‘उगवला’, हे ठरवताना डोळा नकळत आवडत्या बाजूला झुकतो.

प्रत्येक डबीचे दाणे वेगळ्या ताटलीत टिपकागदावर मांडायचे. टिपकागदाचं वजन करा आणि त्याच्या सुमारे अडीच पट पाणी घाला. कागद बोटाने दाबला तर बोटाभोवती पाण्याची कड उभी राहू नये. राहिली तर पाणी जास्त झालं, दाण्याला हवा मिळणार नाही आणि बुरशी धरेल. तापमान 25 अंश. ताटल्या खिडकीपासून दूर ठेवा आणि दर मोजणीनंतर त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून बदला. एका कोपऱ्यात 1-2 अंश जास्त असले तरी मोड काही तास आधी येतो, आणि तो फरक चुंबकाच्या अपेक्षित फरकाइतकाच दिसू शकतो.

बारा तासांनी दाण्याचं साल ताणून गुळगुळीत होतं. मग पांढऱ्या डोळ्याशेजारी ते फाटतं आणि पांढरं टोक बाहेर येतं. ते टोक 2 मिलिमीटर झालं की मोजा. मोडाची सूज मोजू नका. 16, 20, 24, 28 आणि 36 तासांनी मोजणी करा, कारण फरक असलाच तर तो वेगात आधी दिसतो. शेवटच्या टक्केवारीत तो अनेकदा पुसला जातो. मोजणी 5 व्या आणि 7 व्या दिवशी पुन्हा. आपल्या स्वयंपाकघरात ज्यांना कुचर किंवा गणंग म्हणतात, ते आठवडाभरही न फुगणारे दाणे वेगळे मोजा. ते मेलेले नसतात, त्यांच्या सालातून पाणी आत जात नाही इतकंच, आणि त्यांना ‘न उगवलेले’ धरलं तर आकडे उगाच हेलकावतात. पाचव्या दिवशी प्रत्येक ताटलीतून कुठलीही 10 रोपं उचलून मूळ आणि कोंब यांची लांबी घ्या. ‘कुठलीही’ म्हणजे खरोखर कुठलीही. हात आपोआप लांब मुळाकडे जातो. उगवणीची टक्केवारी गुणिले रोपाची सरासरी लांबी हा जोम निर्देशांक काढला की दोन बाजू एका आकड्यात ताडून पाहता येतात. तुलना करताना 8 डब्यांच्या 8 सरासऱ्या वापरा. एका डबीतले 50 दाणे एकत्र भिजले, एकत्र वाढले. त्यांना 50 स्वतंत्र प्रयोग धरून चालत नाही.

क्षीण क्षेत्र हवं असेल तर तारेची वेटोळी लागतात. 15 सेंटिमीटर त्रिज्येची दोन वेटोळी, प्रत्येकी 100 वेढे, दोहोंत 15 सेंटिमीटर अंतर, 1 अँपिअर प्रवाह: मधोमध 0.6 मिलिटेस्ला मिळतात. 0.8 मिलिमीटरची तार सुमारे 190 मीटर लागते आणि ती 6 वॅटहून थोडी जास्त उष्णता सोडते. बंद खोक्यात ही उष्णताच उगवण वाढवते आणि श्रेय चुंबकाला जातं. वेटोळ्यांच्या प्रयोगांतली ही सर्वांत जुनी चूक आहे. उपाय असा: 50-50 वेढे दोन तारांनी एकत्र गुंडाळा. एका खोक्यात दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेने, दुसऱ्यात उलट दिशेने. उष्णता दोन्हीकडे सारखी, क्षेत्र फक्त पहिल्यात. फ्रीज, लोखंडी मांडणी आणि पंख्याची मोटर लांब ठेवा. असली मापं किती नाजूक असतात हे कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेवरून कळतं: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिचं चुंबकीय काम 1904 साली अलिबागला हलवलं आणि तिथली इमारत चुंबकाला न जुमानणाऱ्या साहित्याची बांधली.

कुंडीचं थोडक्यात सांगतो. क्षेत्र अंतराबरोबर कसं कोसळतं ते वर आलंच. शिवाय निओडिमियमवरचा निकेलचा पातळ मुलामा ओल्या मातीत जिथे खरवडला जातो तिथून चुंबक गंजतो, फुगतो आणि त्याचा भुगा होतो. दोन कुंड्यांत माती, ऊन आणि पाणी यांचा फरक इतका असतो की एका चुंबकी आणि एका साध्या कुंडीच्या तुलनेतून काहीच निघत नाही.

नळीवरच्या चुंबकाचं गणित करून पाहा. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने जातं आणि चुंबक 15 सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे पाणी क्षेत्रात एक दशांश सेकंद राहिलं. बियाण्याला आपण तास-दोन तास देतो. पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही फार कमी वेळात तुटतात आणि नव्याने जुळतात, त्यामुळे ‘रचना बदललेलं पाणी’ वाफ्यापर्यंत तसंच पोहोचेल याला आधार नाही. चुन्याचा थर कसा बसतो यावर चुंबकाचा परिणाम काही प्रयोगशाळांत दिसला आहे, काहींत नाही. पण पाण्यातले क्षार त्याने निघून जात नाहीत. ईसी मीटर (पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देणारं उपकरण) घ्या आणि नळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी मोजा. आकडा तोच येईल. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर निचरा आणि जिप्समचा निर्णय माती-पाणी परीक्षणावरून घ्या, आणि ड्रिपर चुन्याने बंद होत असतील तर आम्ल प्रक्रिया करा.

शेतावर बियाण्याला चुंबक लावायचा तर अडचण आकाराची आहे. एकरी 30 किलो सोयाबीन म्हणजे जवळपास 40 लिटर बियाणं. वरच्या मांडणीत एका वेळी 3 मिलिलिटर मावतं, म्हणजे तेरा हजारांवर फेऱ्या. मोठी यंत्रं करता येतात, पण तोपर्यंत जे हातात आहे ते सोडू नका. ओल्या गोणपाटावर 100 दाण्यांची उगवण चाचणी घ्या. 70 पेक्षा कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा किंवा बियाणं बदला. हरभरा 8 तास भिजवून सावलीत सुकवून पेरला तर कमी ओलीतही तो लवकर उगवतो. सोयाबीन मात्र भिजवू नका. त्याचं पातळ साल झपाट्याने पाणी ओढतं आणि आतली डाळ तडकते.

नळीवरचं यंत्र आधीच बसवलेलं असेल तर ते वाया जाऊ देऊ नका, त्यावर चाचणी घ्या. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या शेतात 12 सऱ्या निवडा. चिठ्ठ्या टाकून 6 सऱ्यांना यंत्रातून आणि 6 सऱ्यांना यंत्र टाळून जाणाऱ्या बगल नळीने पाणी द्या, दोन्हीकडे लिटर तेवढेच. बांधालगतच्या सऱ्या सोडून द्या. खत, फवारणी, तोडणी एकाच दिवशी करा, प्रत्येक सरीचा माल वेगळा तोला आणि वजनं सरीच्या नंबरासह वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात त्याच सऱ्यांची अदलाबदल करा, म्हणजे जमिनीतला फरक चुंबकाच्या खात्यावर जमा होणार नाही.